बर्फ नको

मित्रांनो, मी एक जुनी बर्फाची पेटी आहे. निळ्या अंगाची, पांढऱ्या पोटाची, एका बाजूची कडी तुटलेली. जयपूरच्या शास्त्री नगरात पंडित तायडे यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत माझा मुक्काम असतो. सध्या माझ्या पोटात माती आहे आणि मातीत कोथिंबीर. हसू नका. कोथिंबीर चांगली येते, तायडेबाई रोज दोन काड्या खुडून नेतात आणि नेताना माझ्या काठावरून हात फिरवतात. पण एके काळी माझ्या पोटातून माणसांचा जीव इकडून तिकडे जात असे, आणि एकदा तो माझ्याच पोटात वाया गेला. ती हकिगत सांगण्यासाठीच मी आज तुम्हाला थांबवलं आहे.

माझा जन्म एका साध्या प्लास्टिकच्या कारखान्यात झाला. दोन भिंती आणि मध्ये फोमचा थर, एवढीच माझी घडण. बाहेरचं ऊन आत येऊ द्यायचं नाही आणि आतला गारवा बाहेर जाऊ द्यायचा नाही, हा आमच्या जातीचा धर्म. तायडे कुटुंबाने मला बाजारातून आणलं ते उन्हाळ्याच्या प्रवासासाठी. तायडे रेल्वेच्या सिग्नल विभागात तंत्रज्ञ. मूळ गाव मूर्तिजापूर, बदलीने जयपूरला आले आणि इथलेच झाले. दर मे महिन्यात ते, त्यांची बायको रत्नमाला आणि मुलगी मयूरी गाडीने गावी निघत, तेव्हा माझ्या पोटात ताकाच्या बाटल्या, कापलेला आंबा आणि मयूरीने चोरून ठेवलेलं चॉकलेट असे. अकरा महिने मी माळ्यावर धूळ खात असे. तक्रार नव्हती. कुंभकर्ण तरी सहाच महिने झोपत असे, मी त्याच्या वरताण होते.

मग एका वर्षी रत्नमालाबाईंचं मोठं ऑपरेशन झालं. ऐन वेळी डॉक्टरांनी रक्ताच्या आणखी दोन पिशव्या मागितल्या. तायडे फोनवर फोन करत जिन्यात उभे राहिले, आणि तासाभरात एक अनोळखी माणूस मोटारसायकलवरून रक्त घेऊन हजर झाला. झुपकेदार मिशा, डोक्यावर हेल्मेट, पाठीमागे बांधलेला डबा. त्याचं नाव चौथमल सैनी, सोडाल्यात त्याचं नळ आणि पाइपांचं दुकान होतं. तायडेंनी त्याला निदान चहा तरी घ्या म्हणून विनवलं. तो ‘चाय फिर कभी’ म्हणाला आणि हेल्मेटही न काढता गेला.

बाई बऱ्या होऊन घरी आल्या तेव्हा तायडे त्या माणसाला शोधत सोडाल्याला गेले. तिथे त्यांना कळलं की असे सोळा जण आहेत. कोणी शिक्षक, कोणी दुकानदार, कोणी बँकेत. कुठल्या रुग्णालयाला रक्त किंवा तातडीचं औषध हवं असलं की त्यांच्या फोनवर निरोप येई, आणि जो मोकळा असेल तो एकच शब्द लिही, ‘हाजिर’. त्या मंडळीचं नावही तेच पडलं होतं. कुणी पैसे घेत नसे. तायडे सतरावे झाले.

प्रत्येकाकडे स्वतःची पेटी हवी असा नियम होता. तायडे नवी घ्यायला निघाले तेव्हा रत्नमालाबाई माळ्याकडे बघून म्हणाल्या, “ताक काय, डब्यात बी नेता येते. हिले जाऊ द्या.” मला खाली काढलं, औषधाच्या पाण्याने तीनदा धुतलं आणि उन्हात वाळवलं. ताकाचा वास जायला चार दिवस लागले. मित्रांनो, त्या दिवशी माझा दुसरा जन्म झाला असं मी मानते.

नव्या कामात पहिला धडा मिळाला तो गारव्याचाच. लाल रक्ताला गारवा लागतो, त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या पिशव्या ठेवाव्या लागतात. पण रक्तातूनच वेगळा काढलेला एक फिकट पिवळा भाग असतो, त्याला प्लेटलेट म्हणतात. वाहणारं रक्त थांबवणं हे त्याचं काम. डेंग्यूच्या तापात माणसाच्या अंगातला हाच भाग आटतो. आणि या प्लेटलेटांना बर्फ मुळीच चालत नाही. आपल्या बैठकीच्या खोलीत जेवढा सुखाचा गारवा असतो तेवढाच त्यांना हवा. रक्तपेढीत त्यांच्या पिशव्या एका सतत हलणाऱ्या फळीवर ठेवतात, पाळण्यात ठेवल्यासारख्या. तेव्हा मी नावाची बर्फाची पेटी असले तरी निम्म्या वेळा माझ्यात बर्फ नसणंच महत्त्वाचं होतं. हे मी चटकन शिकले. माझ्या कामात बाहेरचं ऊन अडवणंही आलंच होतं.

आता तायडेंच्या स्वभावाबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. सिग्नल विभागात उभा जन्म काढलेला माणूस. तिथे तोंडी कामाला किंमत नाही. सिग्नल बंद पडला तर गाडी पुढे न्यायला ड्रायव्हरच्या हातात सहीचा कागद द्यावा लागतो, नुसतं ‘जा’ म्हणून भागत नाही. त्यामुळे तायडेंचं एक वाक्य ठरलेलं होतं, बोललेलं वाऱ्यावर, लिहिलेलं रुळावर. ‘हाजिर’मध्ये आल्यावर त्यांनी तिथेही ही शिस्त आणली. प्रत्येक पेटीच्या झाकणावर चिठ्ठी हवी, रुग्ण कोण, रुग्णालय कुठलं, आत काय, बर्फ हवा की नको. आधी लोकांनी चेष्टा केली, तायडेंना ‘बड़े बाबू’ म्हणाले, पण चुका कमी झाल्या तसे सगळे मानू लागले. मग तायडेंनी त्यात आणखी एक नियम जोडला, लिखे पर सवाल नहीं. लिहिलंय ना, मग फोन करकरून वेळ घालवायचा नाही.

माझ्यावरची चिठ्ठी मयूरी लिहीत असे. ती तेव्हा कॉलेजात होती आणि दुपारी घरचा फोन सांभाळत असे. मयूरीचा जन्म जयपूरचा, शाळा हिंदी. मराठी तिला बोलता येई, पण पायऱ्या उतरताना कठडा धरावा तशी ती मध्येच हिंदीचा आधार घेई. तायडेंना ते सलायचं. मग त्यांनी युक्ती काढली की माझ्या झाकणावरची चिठ्ठी मराठीतच हवी. लाल रक्त असेल तर ‘गार’, प्लेटलेट असतील तर ‘बर्फ नको’. मयूरीने एकदा विचारलं होतं की हे इथे वाचणार कोण. “मी वाचीन ना,” तायडे म्हणाले. आणि ते खरंच होतं. चार वर्षं मला त्यांच्याशिवाय कुणी उचललं नव्हतं. मयूरीचं अक्षर सुधारत गेलं, तायडे चिठ्ठी सोलून खिशात ठेवत, आणि घरी कपाटाच्या खणात अशा चिठ्ठ्यांचा गठ्ठा झाला होता. बाहेर आम्ही रक्त पोचवत होतो आणि घरात बाप मुलीपर्यंत आपली भाषा पोचवत होता. मला दोन्ही कामांचा अभिमान होता.

आणि त्या अभिमानाच्या दिव्याखालीच अंधार होता.

सप्टेंबर महिना होता. शहरात डेंग्यूची साथ. सकाळी निरोप आला की सांगानेरच्या बाजूच्या एका रुग्णालयात संतोष नावाच्या रुग्णाला तातडीने प्लेटलेट हव्या आहेत. तुम्हाला वाटेल पुरुष असेल, तर नाही. इकडे संतोष हे बायकांचंही नाव असतं. ही संतोष सांगानेरमध्ये कापडावर लाकडी ठसे उमटवणारी बाई, दोन मुलींची आई. तिच्या नाकातून येणारं रक्त सकाळपासून थांबत नव्हतं आणि डॉक्टरांनी दुपारी दोनची वेळ सांगितली होती. शालिनी माथुर नावाच्या एका शिक्षिकेने शाळेतून अर्धी रजा काढली आणि रक्तपेढीत दीड तास हाताला यंत्र लावून प्लेटलेट दिल्या. एक पिशवी. तेवढीच होती.

तायडेंना नेमकं कामावर तातडीचं बोलावणं आलेलं. मयूरीची बारा वाजता प्रात्यक्षिक परीक्षा. ‘हाजिर’ असं उत्तर आलं ते चौथमलजींचं, पण त्यांच्या पेटीचं झाकण आदल्याच दिवशी फुटलं होतं, म्हणून ते मला न्यायला येणार असं ठरलं. मयूरीने बॅग खांद्याला अडकवत, दारात एका पायात सँडल घालत, सवयीने मराठीतच चिठ्ठी लिहिली. पेनातली शाई संपत आलेली. चिकटपट्टीने चिठ्ठी माझ्या झाकणावर लावली आणि ती धावत जिना उतरली. मागून चौथमलजी आले. रत्नमालाबाईंनी मला त्यांच्या हातात दिलं, वर पाण्याची बाटली दिली. चिठ्ठीकडे त्यांनी बघितलंही नाही. चिठ्ठी ही बाप-लेकीची गोष्ट होती.

रक्तपेढीत पिशवी माझ्या पोटात ठेवली गेली. फिकट पिवळी, मऊ, अजून माणसाच्या अंगाची आठवण असलेली. पिशवी देणाऱ्या तिथल्या कर्मचाऱ्याने लवकर पोचवा एवढंच सांगितलं. त्यालाही वाटलं असणार, जुना माणूस आहे, बाकीचं ठाऊक आहेच. चौथमलजी मला घेऊन बाहेर आले, मोटारसायकलवर ठेवलं आणि रबरी दोर बांधायच्या आधी त्यांनी शिस्तीप्रमाणे चिठ्ठी वाचली. वाचून ते थांबले. पुन्हा वाचली.

मित्रांनो, मराठीत ‘ध चा मा’ करणं म्हणतात. तो कुणीतरी मुद्दाम केलेला असतो. माझ्या झाकणावर मात्र कुणीही काही न करता ‘न’चा ‘र’ झाला होता. घाईत मयूरीच्या ‘न’ची आडवी रेघ उमटलीच नव्हती, ‘क’चं पोट फुगलं होतं, आणि शेवटची मात्रा तेवढी ठसठशीत होती. त्यात ‘नको’ हा शब्द चौथमलजींच्या भाषेतच नाही. माणसाला जो शब्द माहीत नसतो त्याच्या जागी तो माहीत असलेला शब्द वाचतो. त्यांनी वाचलं, ‘बर्फ रखो’.

तो माणूस अडाणी नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. प्लेटलेटना बर्फ लावत नाहीत हे त्यांनी ऐकलेलं होतं. ते स्वतःशीच पुटपुटले ते मी ऐकलं. “प्लेटलेट में बर्फ?” त्यांनी फोन बाहेर काढला. तायडेंचं नाव काढलं. अंगठा त्या नावावर धरून ते थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी फोन परत खिशात टाकला. “तायडेजी के घर का लिखा है,” ते म्हणाले, “सोच के ही लिखा होगा।”

समोर उसाच्या रसाची गाडी होती. तिथून त्यांनी बर्फाचे दोन मोठे तुकडे घेतले, स्वच्छ पिशव्यांत बांधले आणि अगदी हळुवार हाताने माझ्या पोटातल्या त्या पिशवीच्या दोन्ही अंगांना ठेवले. झाकण बंद झालं.

मी तेव्हा काय केलं असं विचाराल तर काही नाही. काय करणार? मला तोंड आहे, पण ते फक्त उघडतं आणि मिटतं. टोंक रोडवरून आम्ही निघालो तेव्हा माझी एकच आशा होती की एखाद्या गतिरोधकावर कडी निसटेल, झाकण उघडेल, चौथमलजी थांबतील. पण ते गाडी इतकी जपून चालवत होते की एक धक्का बसला नाही. माझ्या भिंतीही आपलं काम चोख करत होत्या. बाहेर रणरणतं ऊन, आणि आत गारवा जराही कमी होऊ द्यायचा नाही हे मी आयुष्यभर शिकलेलं. त्या चाळीस मिनिटांत मला माझ्या घडणीचाच राग आला. माझ्या पोटात ती मऊ पिशवी गार पडत गेली, आणि मी तिला गार ठेवत गेले.

दोनला पाच मिनिटं कमी असताना आम्ही पोचलो. चौथमलजी वेळेत आल्याच्या समाधानाने जिना चढले. वॉर्डातल्या सिस्टरने झाकण उघडलं, हात घातला आणि तसाच मागे घेतला. मग तिने पिशवी उचलून खिडकीच्या उजेडात धरली आणि हलकेच हलवली. चांगल्या प्लेटलेट असतील तर उजेडात त्या पिशवीत एक चमकती लहर फिरते. मी ती शेकडो वेळा पाहिली होती. आज ती फिरली नाही. पिशवी नुसती पिवळी राहिली.

“बर्फ किसने रखी?” तिने विचारलं.

चौथमलजींनी चिठ्ठी दाखवली. लिहिलं होतं म्हणाले. तिने ती जवळ धरून, दूर धरून वाचली आणि हे रखो नाहीये असं सांगितलं, पण मग काय आहे ते तिलाही कळेना. चौथमलजींनी मयूरीला फोन लावला. परीक्षा नुकतीच संपली होती, तिने लगेच उचलला. त्यांनी एवढंच विचारलं की बेटा, चिठ्ठीत बर्फाच्या पुढे काय लिहिलं आहेस.

“नको,” मयूरी म्हणाली. “मतलब, मत रखो।”

चौथमलजींनी फोन कानावरून खाली आणला. पलीकडून मयूरी भैयाजी, भैयाजी म्हणत राहिली. मग तिने फोन ठेवला. तिला कळलं होतं. सिस्टरने ती पिशवी डॉक्टरांना दाखवली आणि डॉक्टरांनी मान हलवली. एका शिक्षिकेचं दीड तासाचं दान माझ्या डोळ्यांदेखत कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेलं. भिंतीपलीकडे संतोष होती, तिच्या उशाशी बसलेला नवरा दर थोड्या वेळाने कापूस बदलत होता.

मला भीती वाटली होती की चौथमलजी मला उचलून आपटतील. त्यांनी तसं काही केलं नाही. त्यांनी बर्फ काढून टाकला, आपल्या रुमालाने मला आतून कोरडं पुसलं, ती चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि ‘हाजिर’वर निरोप टाकला की गलती मेरी है, एक डोनर और चाहिए. उत्तर आलं ते तायडेंचं. त्यांचा रक्तगट जुळत होता. काम संपवून ते रेल्वेच्या भगव्या जाकिटातच रक्तपेढीत येऊन पोचले. मयूरी त्यांच्या आधी येऊन बाकावर बसली होती.

तपासण्या झाल्या, तायडे खुर्चीत आडवे झाले, यंत्र सुरू झालं. चौथमलजी त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले तेव्हा तायडेंनी मोकळ्या हाताने त्यांचे हात खाली केले आणि आपण विचारायची सोयच ठेवली नव्हती असं त्यांना हिंदीत सांगितलं. मयूरी कोपऱ्यातून म्हणाली, “बाबा, मी नको-च लिहिलं होतं. सच में. पेन चालत नव्हता.”

तायडे छताकडे बघत होते. “पोरी, चूक तुही नाही,” ते म्हणाले. “म्या तुले माह्यासाठी लिहाले शिकवलं. वाचणाऱ्यासाठी लिहाले शिकवलंच नाही.”

तो दीड तास फार मोठा होता. पिशवी तयार झाली तेव्हा संध्याकाळचे सात वाजत आले होते. चौथमलजींनी मोटारसायकल काढली, मागे मयूरी बसली आणि तिने मला मांडीवर घेतलं. वाटभर ती मला हळूहळू डोलवत होती. मी रिकामी होते, म्हणजे बर्फ नव्हता, फक्त ती पिशवी आणि तिच्याभोवती मयूरीची ओढणी. आठच्या आत आम्ही पोचलो. सिस्टरने पिशवी दिव्याकडे धरली. लहर फिरली. चौथमलजी वॉर्डाच्या बाहेर जमिनीवरच बसले आणि लहान मुलासारखे रडले.

संतोष वाचली. पण त्या पाच-सहा तासांनी तिला अतिदक्षता विभागात नेऊन ठेवलं आणि पाच दिवस तिच्या मुलींना आई दिसली नाही. ‘वाचली ना, मग झालं’ असं म्हणणारे पुष्कळ भेटले. मला ते पटत नाही. थोडक्यात निभावलं, याला निभावलं म्हणत नाहीत.

शास्त्री नगरच्या घरातलं बोलणं त्यानंतर बदललं. मयूरीने चिठ्ठ्यांचा गठ्ठा कपाटातून काढून कुठेतरी टाकला. फोन ती घेई, चिठ्ठी लिही, पण हिंदीत, आणि मोठ्या अक्षरात. ते योग्यच होतं. पण घरातही ती हिंदीतच बोलू लागली. ‘पापा, खाना लग गया’ असं तिने पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तायडे वर्तमानपत्राची घडी करून जेवायला उठले. त्यांनी तिला टोकलं नाही. मला वाटतं, तेवढा अधिकार आपण गमावला असं त्यांना वाटत होतं. मी दाराशी बसून हे रोज ऐकत होते, आणि मला त्या बर्फाचीच आठवण येई. आता कुणीतरी त्या दोघांच्या मध्ये तो ठेवला होता.

महिनाभराने एका रविवारी चौथमलजी आले, आणि त्यांच्यामागून एक बारीक अंगाची, डोक्यावर ओढणी घेतलेली बाई आणि तिचा नवरा. ती संतोष. चौथमलजी तिला भेटायला रुग्णालयात जात राहिले होते आणि त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं होतं. खिशातली ती चिठ्ठीही दाखवली होती. तायडे उठून उभे राहिले आणि माफी मागू लागले. तिने ऐकून घेतलं. मग ती आपल्या बोलीत म्हणाली, “म्हनै तो दोन्यूं एक-सा दीखै छै.” मला तर दोन्ही सारखेच दिसतात. तिला वाचता येत नव्हतं. नको काय आणि रखो काय, तिच्या लेखी दोन्ही काळ्या रेघाच.

मग तिने पिशवीतून दोन लाकडी ठसे काढले. तिच्या नवऱ्याने शिसवात कोरलेले, कापडावर छापायचे. एकावर पाण्याचा माठ होता, दुसऱ्यावर पाळणा. ज्याला गारवा हवा त्याच्यासाठी माठ. ज्याला नुसतं जपून, हलवत न्यायचं त्याच्यासाठी पाळणा. रक्तपेढीतल्या त्या हलत्या फळीची गोष्ट तिला सिस्टरने सांगितली होती. माझ्या प्लास्टिकच्या अंगावर रंग बसेना, म्हणून तिने जाड कापड मागितलं. रत्नमालाबाईंनी जुन्या चादरी काढल्या. त्या दुपारी बैठकीत, बुद्धाच्या तसबिरीखाली, कापड अंथरून संतोष ठसे मारत होती. तळहाताने एक थाप, उचल, पुढे. रत्नमालाबाई शिवणयंत्रावर सतरा पेट्यांच्या खोळी शिवत होत्या. एका अंगाला माठ, उलटली की पाळणा. आणि चौथमलजींनी त्या दिवशी अखेर तो राहिलेला चहा घेतला, दोन कप.

सगळ्यात शेवटी माझी खोळ झाली. संतोषने मयूरीच्या हातात रंगाची काडी दिली आणि ज्यांना वाचता येतं त्यांच्यासाठी खाली काहीतरी लिही असं खुणेनेच सांगितलं. मयूरी काडी धरून बसली. तिने पाळण्याखाली मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘बर्फ नहीं’. मग ती थांबली.

“बाबा,” ती म्हणाली, “नकोचा न नीट कसा काढायचा?”

तायडेंनी चष्मा काढून पुसला. मग तिच्या शेजारी जमिनीवर बसून त्यांनी तिचा हात धरला आणि आधी आडवी रेघ, मग गाठ, मग उभा दांडा, असा न काढून दाखवला. ‘बर्फ नहीं’च्या खाली छोट्या अक्षरात ‘नको’ आलं. इतका स्वच्छ न मी आजवर पाहिलेला नाही.

त्यानंतर ‘हाजिर’चा नियम बदलला. लिहायचं, चित्रही लावायचं, आणि तरी निघताना मोठ्याने विचारायचं, बर्फ ठेवू का. समोरच्याने उत्तर दिल्याशिवाय झाकण लावायचं नाही. लिखे पर सवाल नहीं म्हणणारे तायडेच आता नव्या माणसाला सगळ्यात आधी हा सवाल पाठ करायला लावतात. मी त्या खोळीत आणखी तीन वर्षं काम केलं. मग माझी कडी तुटली, भिंतीला बारीक तडा गेला, आणि मंडळीला आतलं तापमान दाखवणाऱ्या नव्या पेट्या मिळाल्या. त्यांच्यावरही माठ आणि पाळणा आहेच. मला टाकून द्यायचं ठरत होतं, तर रत्नमालाबाई म्हणाल्या की हिने ताक सांभाळलं, रक्त सांभाळलं, आता थोडी माती सांभाळू दे. माझं झाकण बैठकीतल्या भिंतीवर टांगलं आहे. चिकटपट्टीची खूण अजून त्यावर आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं सगळ्याच जुन्या वस्तू सांगतात. मीही सांगते, पण माझं खरं मागणं वेगळं आहे. लिहाल तेव्हा ते कुणाच्या हातात पडणार आहे याचा विचार करा. आणि वाचलेलं मनाला पटलं नाही, तर लिहिणारा कितीही मोठा असला तरी त्याला विचारा. त्या दुपारी चौथमलजींचा अंगठा फोनवर होता. ‘बर्फ ठेवू का?’ एवढे तीनच शब्द होते, आणि ते मला येत होते. झाकण गेल्यामुळे आता माझं तोंड दिवसरात्र उघडं असतं, पण त्यातून कोथिंबीरच येते, शब्द येत नाही. तुमच्या तोंडातून येतो. तो गिळू नका.